थोरल्या बाईंना विचारून

“थांबा हं जरा. थोरल्या बाईंस्नी इचारते.”

असं म्हणून त्या गळ्यातला चांदीचा टाक दोन बोटांत धरायच्या, डोळे अर्धे मिटायच्या आणि मान जराशी कलती करायच्या. पलीकडच्या खोलीतून कुणी हळू आवाजात काही सांगावं आणि ते नीट ऐकू येऊ नये, तशा. मग डोळे उघडून निकाल सांगायच्या.

“न्हाई म्हणत्यात.”

थोरल्या बाई म्हणजे त्यांची सवत. ती वारली होती. दुसरेपणावर दिलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीचा टाक असतो, तो तुम्ही पाहिला असेल. रुपयाएवढा पत्रा आणि त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. बहुतेक बायका तो पदराखाली झाकतात. यांचा मात्र कायम पदराबाहेर असे आणि दिवसभर कामात असे.

दौंडच्या रेल्वे कॉलनीत आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये त्या राहायच्या. यजमान मालगाडीवर गार्ड, म्हणून कॉलनी त्यांना गार्डीणबाई म्हणे. मी काकू म्हणायची, तेही तोंडानं कमी आणि मनात जास्त. मी तेव्हा इंग्रजी शाळेच्या वरच्या वर्गात होते, आणि घरी पाहुणे आले की मागच्या दारानं बाहेर पडायची मला सवय होती. मागच्या दारासमोर त्यांचा व्हरांडा होता.

“आला का इंग्रजीबाई? बसा. बोलायाच पायजे असं काय न्हाई.”

मला बोलायची सक्ती न करणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं. मी बसू लागले.

टाकाचा उपयोग मी तिथंच बसून पाहिला. बोहारीण दारात बसून थोरल्या बाईंच्या जरीच्या साडीवर पातेलं द्यायला तयार व्हायची. या टाक धरायच्या. “न्हाई म्हणत्यात.” कुणी शेजारीण शिलाई मशीन चार दिवसांसाठी मागायला यायची. “मी दिली असती हो. पर त्या न्हाई म्हणत्यात.” मेलेल्या बाईशी कोण वाद घालणार? शेजारीण पाय आपटत निघून जायची आणि या खाली मान घालून शेंगा फोडत राहायच्या.

“त्या कधी हो म्हणतच नाहीत का?” मी एकदा विचारलं.

“म्हणत्यात की. च्याला म्हणत्यात.” असं म्हणून त्या चहा टाकायला उठल्या.

त्यांची झोपायची खोली मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती त्यांची वाटलीच नाही. थोरल्या बाई पुण्यात शिकलेल्या होत्या, त्यांना साहेबी पद्धतीची आवड. कॉलनीतली गोरी ड्रायव्हर मंडळी एकेक करून देश सोडून निघाली, तेव्हा सामान विकून गेली. त्यातलं थोरल्या बाईंनी निवडून घेतलं होतं. कोरीव डोक्याचा उंच पलंग, त्याला मच्छरदाणीचे दांडे. दोन दारांचं कपाट. आणि लंबगोल आरशाचं, लहान लहान खणांचं एक टेबल, त्याच्यापुढे गादीचं स्टूल. सगळं एका गडद रंगाचं, चकचकीत. पलंग इतका उंच, की काकूंना चढायला पाट लागे. म्हणून त्या चढतच नसत. खाली सतरंजीवर झोपत.

त्यांचं स्वतःचं सामान मागच्या व्हरांड्यात होतं. शिरूरच्या पुढे घोड नदीच्या काठी त्यांच्या भावाचा मळा. तिथून लग्नात दोन वस्तू आल्या होत्या: काथ्यानं विणलेली एक बाज आणि पितळी फुल्या ठोकलेली एक लाकडी पेटी. बाजेवर त्या दुपारी मेथी निवडायच्या. पेटीवर पाऊस उडायचा, ऊन पडायचं. पितळ काळं पडलं होतं.

“आत का नाही ठेवत?” मी विचारलं.

त्यांनी टाक धरला. या वेळी मात्र थोडा जास्त वेळ. “न्हाई म्हणत्यात,” म्हणाल्या आणि हसल्या नाहीत.

खरं कारण मला पुढं कळलं. थोरल्या बाईंना एक मुलगी होती, सुधा. आई गेल्यावर तिला शिरूरला मामांनी नेलं होतं. गार्डसाहेबांनी दुसरं लग्न केलं तेव्हा मामांनी सांगितलं, की पोरगी पाठवू, पण तिच्या आईची खोली होती तशी राहिली पाहिजे. एक खिळाही हलता कामा नये. गार्डसाहेबांनी कबूल केलं. ते सगळंच कबूल करत. मऊ स्वभावाचे होते आणि बरेचसे दिवस गाडीबरोबर बाहेर असत.

“तुम्हाला कशाला हवीय ती?” हा प्रश्न मी विचारला नव्हता. माझ्या आईनं विचारला होता, माझ्यादेखत. “आपलं होईल की.”

“व्हईल तवा व्हईल,” काकू म्हणाल्या. “पर हे घर तिचं हाय. मी मागनं आले. आन् मी बी लोकाच्या घरात वाढलीया, वयनी. आय न्हवती मला. भावाकडं पंगत उठल्यावर माझं ताट असायचं. कुणी मारलं न्हाई, कुणी बोललं न्हाई. पर माझं असं तिथं काय बी नव्हतं. एक बाज दिली जाताना, तीच पहिली.”

आईनं परत तो विषय काढला नाही.

त्या खोलीतल्या आरशाच्या टेबलावर एक काळा डाग होता. तो त्यांच्याच हातून पडला होता, आणि तोही पहिल्याच दिवशी.

नवी नवरी म्हणून त्या घरात आल्या तेव्हा घरात दुसरी बाई नव्हती. गार्डसाहेब नवरीचा गृहप्रवेश आटोपून लगेच ड्यूटीवर गेले. संध्याकाळ झाली, दिवा लावायचा, आणि देवघर कुठं ते विचारायला कोणी नाही. खोलीत त्यांना ते आरशाचं टेबल दिसलं. वर कमान, मध्ये काच, दोन बाजूंना लहान खण, पुढे बसायला आसन. एवढा देखणा देव्हारा त्यांनी कधी पाहिला नव्हता. देव मात्र एकही नव्हता. मग गळ्यातला टाक काढून त्यांनी तिथं ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि त्याच्यापुढे निरांजन लावून ठेवलं. घरातली पहिली रात्र, दिवा विझू नये म्हणून तूप घालत राहिल्या. सकाळी आरशावर काजळी चढली होती आणि लाकडात रुपयाएवढा काळा खळगा पडला होता.

“काजळी पुसली,” त्या सांगत होत्या. “पर लाकूड कुठं पुसतंय? ह्यांनी बघितलं, म्हणाले, अगं, ते केस विंचरायचं टेबल आहे. येवढंच. आन् डबा घेऊन गेले.” इथपर्यंत त्या हसत होत्या. “एक खिळा हलवायचा न्हाई म्हणाले हुते. मी तर जाळूनच ठिवलं.”

मी शाळेत क्रोशाचं काम शिकत होते. तेवढं मला बरं जमे, कारण त्यात बोलावं लागत नाही. मी एक पांढरा गोल रुमाल विणला आणि तो डागावर ठेवला. डाग बरोबर झाकला गेला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथंच होता.

शाळेच्या वाचनालयात बायकांच्या विलायती मासिकांचे जुने अंक असत. त्यातला एक मी त्यांना दाखवायला आणला. झोपायच्या खोलीचं चित्र होतं, सगळं सामान एकसारखं. मी वाचून मराठीत सांगत होते. “सेट असला की उत्तम, असं म्हणतात.”

“सेट म्हंजी?”

“एकाच लाकडाचं, एकाच घडणीचं, एकदम घेतलेलं.”

“मंग आमच्या घरात तर माणसांचा बी सेट न्हाई,” त्या म्हणाल्या. “पुढं वाचा. सेट नसला तर काय करायचं ते न्हाई दिलं?”

ते दिलं होतं. निरनिराळ्या घडणीच्या वस्तू एका खोलीत नांदवायच्या असतील तर एक रंग धरावा आणि तो तीन ठिकाणी दिसू द्यावा. अगदी उंच वस्तूला अगदी बुटकी वस्तू खेटून ठेवू नये, मध्ये मधल्या उंचीचं काहीतरी असावं. मी वाचलं आणि मासिक मिटलं. त्यांनी ते माझ्याकडून मागून घेतलं आणि चित्र उलटसुलट करून बघत बसल्या.

त्या दिवाळीला सुधा आली. मामांबरोबर, एस.टी.नं. अकरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, तोंड मिटलेलं. मी कुंपणापलीकडून पाहिलं आणि मला मीच आल्यासारखं वाटलं. काकूंनी मला फराळाची ताटं वाढायला बोलावून घेतलं होतं, म्हणून पुढचं सारं माझ्यासमोर झालं.

खोली होती तशी होती. पलंगावर तीच चादर, कपाटात त्याच साड्या, टेबलावर तोच कंगवा. काकूंनी आठवडाभर घासूनपुसून ठेवलं होतं. सुधा दारात उभी राहिली, आत जाईना. मग गेली, पलंगाच्या दांड्याला हात लावला, कपाट उघडून बंद केलं. “इथं कोणी राहत नाही का?” तिनं विचारलं. ती टेबलापाशी गेली आणि तिनं माझा रुमाल उचलला.

मामा पुढे झाले. “हे काय?”

“दादा, माझ्या हातनं झालं,” काकू म्हणाल्या. “देव्हारा वाटला मला. दिवा लावला.”

“देव्हारा! केस विंचरायच्या टेबलावर दिवा? वा, बाई, वा!” मामा गार्डसाहेबांकडे वळले. “दाजी, खिळा हलणार नाही म्हणाला होतात ना? इथं तर होळी झालीय.”

गार्डसाहेब करंजीकडे बघत राहिले.

“मग देव कुठले ठेवले होते?” हे सुधानं विचारलं.

“येकच ठिवला हुता,” काकू म्हणाल्या आणि टाक पुढे केला. “ह्यो.”

सुधा जवळ आली. टाक अजून त्यांच्या गळ्यातच होता, म्हणून तिला अगदी जवळ यावं लागलं. तिनं तो वळवून पाहिला. “ही आईसारखी दिसत नाही.”

“शिरूरच्या सोनारानं केलाय. त्यानं कुठं बघितलं हुतं त्यांना? मी बी न्हाई बघितलं.” मग त्यांनी हळूच विचारलं, “कशा दिसायच्या?”

सुधाच्या जागी मी असते तर माझ्या तोंडून शब्द निघाला नसता. पण ती बोलली. “नाक असं नव्हतं. बारीक होतं. आणि इथं तीळ होता.” तिनं काकूंच्या हनुवटीला बोट लावून दाखवलं.

“हितं?”

“नाही, थोडा खाली.”

मामांना ते आवडलं नाही. ते म्हणाले, “जळलंच आहे, तर हे टेबल आम्ही शिरूरला नेतो. सुधाला तिकडे उपयोग होईल. माणूस पाठवून देईन.” याचा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळला. टेबल गेलं की मुलगी यायची राहिली.

काकूंनी टाक दोन बोटांत धरला, डोळे अर्धे मिटले आणि मान कलती केली. मी ताट घेऊन तशीच उभी राहिले.

“थोरल्या न्हाई म्हणत्यात, दादा.”

मामांची सख्खी बहीण होती ती! त्यांनी माझ्या हातातलं ताट घेतलं आणि चकली मोडली. सुधा आरशाकडे तोंड करून उभी होती, पण आरशात मला तिचं हसू दिसलं. दाबून धरलेलं, एका बाजूनं सुटलेलं.

संध्याकाळच्या एस.टी.नं ते परत गेले. टांग्यात बसताना सुधानं मागे वळून विचारलं, “ती पेटी बाहेर का ठेवलीय? भिजते ना.”

टांगा दिसेनासा झाल्यावर काकू म्हणाल्या, “इंग्रजीबाई, त्या बुकात मधल्या उंचीचं काय म्हणत हुते?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी पेटी आणि बाज आत नेली. पलंग उंच, बाज बुटकी, म्हणून पेटी मधे. पलंग सुधाचा, बाज त्यांची. पोरीला रात्री तहान लागली तर तांब्याभांडं पेटीवर. पितळी फुल्या चिंच लावून घासल्या, तेव्हा त्या साहेबी खोलीत उगाच हसू आल्यासारखं झालं. बाजेच्या जागेनं मात्र त्यांचं समाधान होईना. एकदा भिंतीकडे, एकदा खिडकीकडे. प्रत्येक वेळी टाक धरून विचारणं चालू. “आता काय म्हणतात?” मी विचारी. “त्यास्नी बी समजंना झालंय,” असं उत्तर मिळे.

रंगाचं त्यांनी मला न सांगता केलं. मी शाळेतून आले तर मच्छरदाणीला खालून अंजिरी काठ, पेटीवर अंजिरी आच्छादन, स्टुलाच्या गादीला अंजिरी अभ्रा. ते लुगडं मी ओळखलं. लग्नातल्या फोटोत ते काळं दिसतं.

“लग्नातलं फाडलंत?”

“तीन ठिकाणी दिसाय पायजे म्हणत हुता न्हवं? दुसऱ्या लुगड्यात येवढं कापड निघंना.” त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. “आता कसं, सोयऱ्यांगत वाटत्यात का?”

मी हो म्हणाले. खरंच वाटत होतं. विलायती मासिकातलं चित्र त्या खोलीपुढे मला फिकं वाटलं, पण हे सांगायला मला वाक्य जुळवता आलं नाही.

हिवाळ्यात गार्डसाहेब एकदा शिरूरला जाऊन आले. सुधानंच मामांना सांगितलं होतं, की जूनपासून तिला दौंडच्या शाळेत जायचंय. मामा शेवटी “बघू” म्हणाले. काकूंनी “बघू”चा अर्थ “व्हय” असाच धरला आणि शेवयांना लागल्या.

चैत्रात त्यांचे डोळे पिवळे झाले. आधी कुणी मनावर घेतलं नाही, त्यांनी तर नाहीच. मग अन्न ठरेना. डॉक्टरांनी कावीळ सांगितली, औषध दिलं. उतार पडेना, तेव्हा भाऊ आला आणि गावाकडच्या औषधासाठी घेऊन जातो म्हणाला. निघताना त्या खोलीच्या दारात थांबल्या. बाजेकडे पाहून म्हणाल्या, “खिडकी उघडी ठेवत जावा. कोंदट वास याय नको, पोरगी येनार हाय.” मग सवयीनं हात टाकाकडे गेला. डोळे त्यांना अर्धे मिटावे लागले नाहीत, ते तसेच होते.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं. मला त्यांना हसवायचं होतं.

“आज काय बोलल्याच न्हाईत,” त्या म्हणाल्या.

नंतर भाऊ एकटाच आला. हातरुमालाच्या गाठीत टाक बांधून आणला होता. तो त्यानं गार्डसाहेबांच्या हातावर ठेवला आणि व्हरांड्यात बसून राहिला. मी खिडकी रोज उघडत होते. त्या दिवशीही उघडली.

जूनमध्ये मामा सुधाला घेऊन आले. तिला ठेवायला आले होते की तिच्या आईचं सामान हलवायला, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. घरात बाई नाही म्हणून आईनं चहा करून माझ्या हाती पाठवला. मी ट्रे घेऊन पोहोचले तेव्हा मामा खोलीच्या मधोमध उभे होते. आवाज वाईट नव्हता, समजावणीचा होता.

“झालं ते वाईटच झालं, दाजी. पण आता ही बाज आणि पेटी त्यांच्या माहेरी पाठवून द्या. रीतही तीच. हे अंजिरी काढून टाकू. खोली पहिल्यासारखी होईल, पोरीला बरं वाटेल.”

“तुम्ही म्हणाल तसं,” गार्डसाहेब म्हणाले.

मामा पेटीवरचं आच्छादन काढायला वाकले.

“थांबा हं जरा,” सुधा म्हणाली.

ती टेबलापाशी गेली. गार्डसाहेबांनी टाक खणात ठेवला होता, तो तिनं बरोबर काढला. माझा रुमाल उचलला, चार घड्या करून माझ्या ट्रेमध्ये ठेवला. मग डागाकडे तोंड करून ती उभी राहिली. टाक दोन बोटांत धरला. डोळे अर्धे मिटले. मान कलती केली.

मामा वाकलेले तसेच राहिले. चहा गार होत होता.

“आई नाही म्हणते,” सुधा म्हणाली.

कुठली आई, ते कुणी विचारलं नाही. मामा सरळ झाले आणि त्यांनी आच्छादनाची चुणी हातानं नीट केली. सुधानं टाक त्या काळ्या खळग्यात ठेवला. तो बरोबर मावला.

मग ती माझ्याकडे वळली आणि तिनं विचारलं, घरात निरांजन कुठं असतं.